धागा: बोलता येतं, लिहिताना अडतं – बी२ पातळीचं फ्रेंच लेखन

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर):

अजिंठा-वेरूळच्या वाटेवर फ्रेंच बोलणारे गाइड आहेत, कॅनडासाठी टेफ-टीसीएफ या फ्रेंच परीक्षांची तयारी करणारे इंजिनियर आहेत, डेल्फ बी२ या फ्रेंच परीक्षेचा फॉर्म भरून बसलेली पोरं-पोरी आहेत. तिघांचं दुखणं एकच. तोंडी फ्रेंच धावतं, कागदावर आलं की लंगडतं. त्यासाठी हा धागा. बी१ या आधीच्या पातळीपर्यंतचं व्याकरण झालंय असं धरून चालू. कोणता क्लास बरा, फी किती, ही चर्चा इथं नको.

सरावाला खाली एक मजकूर देतोय. आपल्याकडच्या वह्यांत हमखास दिसणाऱ्या चुका त्यात मुद्दाम भरल्यात. प्रसंग असा: फ्रान्समधल्या एका गृहस्थांना सोमवारी अजिंठा बघायचा आहे, त्यांना उत्तर द्यायचंय. मंचावर देवनागरीच चालते म्हणून उच्चार लिहितोय. जिथं स्पेलिंगच महत्त्वाचं आहे तिथं अक्षरं फोडून सांगा.

"शेर मस्यो, आक्त्युएलमां ले ग्रोत दाजंता ए फेर्मे ल लँदी. बियँ क व्हूझाव्हे दमांदे ल लँदी, ज पांस क व्हू पुव्हे व्हिझिते एलोरा. जे एक्रीत यून लेत्र ओ शोफर. ल प्रोग्राम क ज ले आंव्हाये ए द १,५०,००० रुपी. दां लातांत द व्होत्र रेपोंस, व्हये आग्रेए मे साल्युतासिओं दिस्तँगे."

म्हणायचंय ते असं: खरं तर अजिंठा सोमवारी बंद असतो, तुम्ही सोमवार मागितलाय तरी वेरूळ बघता येईल, ड्रायव्हरला चिठ्ठी लिहिली, पाठवलेला कार्यक्रम १,५०,००० रुपयांचा आहे, उत्तराची वाट बघतो, नमस्कार. काढा चुका. नुसतं बरोबर रूप देऊ नका, ती चूक मराठी माणसाच्या हातून का होते तेही सांगा.

दुधना (परभणी):

सुरुवात 'जे एक्रीत यून लेत्र'पासून करते, कारण ही चूक अस्सल आपली आहे. मराठीत 'मी चिठ्ठी लिहिली', 'मी निबंध लिहिला'. भूतकाळात क्रियापद कर्माच्या लिंगावर जातं. ती सवय घेऊन आपण फ्रेंचमध्येही चिठ्ठी स्त्रीलिंगी म्हणून 'एक्रीत' करतो. फ्रेंचमध्ये आव्हवार (जवळ असणे) हे सहायक क्रियापद लावून केलेल्या भूतकाळात कर्म क्रियापदाच्या नंतर आलं तर काहीच जुळवायचं नाही: 'जे एक्री यून लेत्र'. कर्म आधी येऊन गेलं असेल तरच जुळवायचं: 'ला लेत्र क जे एक्रीत', 'सेत लेत्र, ज ले एक्रीत इयेर'.

म्हणजे मराठीचा नियम पूर्ण टाकायचा नाही, त्याला एक अट जोडायची: कर्म आधी आलंय का? त्यातही तीन ठिकाणी पाय घसरतो.

एक, आधी आलेलं सर्वनाम थेट कर्म नसेल तर जुळणी नाही. 'ज लर आ पार्ले' (मी त्यांच्याशी बोललो) यात 'लर' म्हणजे 'त्यांच्याशी', म्हणून शेवटी एस लागत नाही.

दोन, 'आं' (त्यातले) आधी आलं तर जुळणी नाही. 'दे लेत्र, जांने एक्री त्रुआ.'

तीन, 'फेर'नंतर (करणे) मूळ धातू आला की 'फे' जसंच्या तसं राहतं. 'ला रोब क जे फे कुद्र', मी शिवून घेतलेला झगा. इथं 'फेत' लिहिलं की परीक्षक लगेच लाल रेघ मारतो.

एत्र (असणे) लावून होणाऱ्या क्रियापदांत आणि कर्मणी रचनेत मात्र कर्त्याशी जुळणी करायचीच. म्हणून 'ले ग्रोत ए फेर्मे' हे दोन्हीकडून चुकलं. लेण्या अनेक, ग्रोत स्त्रीलिंगी, म्हणून 'सों फेर्मे', आणि फेर्मेच्या शेवटी आणखी ई-एस ही दोन अक्षरं. ती ऐकू येत नाहीत, त्यामुळं बोलताना चूक झाकली जाते आणि लिहिताना उघडी पडते.

मांजरा (लातूर):

छान सांगितलंत दुधनाताई. या न ऐकू येणाऱ्या अक्षरांवर थोडं जास्त थांबू या. बी२च्या वहीतल्या चुकांचा मोठा ढीग तिथंच असतो.

'आंव्हाये' असं ऐकू आलं तर कागदावर तीन शक्यता. शेवटी आक्सां एग्यूवाला ई (आक्सां म्हणजे अक्षरावरची खूण, एग्यू म्हणजे उजवीकडं वर जाणारी तिरकी रेघ), शेवटी ई-आर, किंवा शेवटी ई-झेड. ओळखायची युक्ती फ्रान्समधल्या शाळेतही शिकवतात. त्या जागी 'वांद्र' (विकणे) हे क्रियापद घालून बघा. 'वांद्र' बसलं तर ई-आर. 'वांद्यू' बसलं तर आक्सांवाला ई. 'वांदे' बसलं तर ई-झेड. 'ज व्हे आंव्हाये' म्हणजे 'ज व्हे वांद्र', म्हणून ई-आर. 'जे आंव्हाये' म्हणजे 'जे वांद्यू', म्हणून आक्सां.

दुसरी जोडी 'ज सरे'. भविष्यकाळ (ए-आय) की संकेतार्थ (ए-आय-एस)? माणूस बदला. 'नू सरों' म्हणावंसं वाटलं तर भविष्य, 'नू सरियों' वाटलं तर एस लावा.

तिसरी 'से'. हे, त्याचे, ते आहे, स्वतःला: चार अर्थ आणि चार स्पेलिंगं. यावर युक्ती नको, श्रुतलेखन हवं. आरएफआय या फ्रेंच रेडिओचा 'जुर्नाल आं फ्रांसे फासिल' हा दहा मिनिटांचा बातमीपट आहे, सोबत लिखित मजकूर मिळतो. त्यातला एका मिनिटाचा तुकडा घ्या. एकदा सलग ऐका, मग थांबवत थांबवत लिहा, शेवटी पुन्हा सलग ऐकत तपासा. नंतर मूळ मजकुराशी ताडून प्रत्येक चुकीपुढे एकच अक्षर टाका: 'जु' म्हणजे जुळणी, 'का' म्हणजे काळ, 'स' म्हणजे सारखा उच्चार, 'आ' म्हणजे आक्सां, 'श' म्हणजे शब्दच माहीत नव्हता. पंधरवड्यानं अक्षरं मोजा. कशावर घाम गाळायचा ते तिथंच दिसतं. 'श' जास्त निघाले तर व्याकरणाचं पुस्तक मिटा आणि वाचन वाढवा.

सिंदफणा (बीड):

मला 'ल प्रोग्राम क ज ले आंव्हाये' समजत नाही. बरोबर वाटतंय की. जो कार्यक्रम मी तो पाठवला...

दुधना:

'जो... तो' इथंच अडकलात बघा. मराठीत 'जे पुस्तक मी वाचलं ते' असा जोड लागतो, म्हणून दुसरं सर्वनाम आपोआप येतं. फ्रेंचमध्ये 'क' हाच कर्म होऊन बसलेला असतो, पुन्हा 'ल' घातला की कर्म दोनदा झालं. 'ल लिव्हर क जे ल्यू', बास. तुमच्या वाक्यात शिवाय 'तुम्हाला' हवं: 'ल प्रोग्राम क ज व्हूझे आंव्हाये'.

याच घरातला पुढचा प्रश्न 'दों' (ज्याचा, ज्याबद्दल). क्रियापद 'द' घेत असेल तर 'क' चालत नाही: पार्ले द, आव्हवार बझवँ द, स सूव्हनीर द, सोक्यूपे द. 'ल स्यूजे क नू पार्लों' ही चूक बोलताना फ्रेंच लोकही करतात, पण परीक्षेच्या कागदावर 'ल स्यूजे दों नू पार्लों' हवं. मालकी दाखवताना 'दों'नंतर 'से' नको, 'ले' हवं: 'ला ग्रोत दों ले पँत्युर सों सेलेब्र', जिची चित्रं प्रसिद्ध आहेत ते लेणं. 'दों से पँत्युर' म्हणजे 'जिची तिची चित्रं'.

आणखी एक मराठी खोड म्हणजे 'की'. 'तो म्हणाला की मी सोमवारी येईन.' मराठीत बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे राहतात. फ्रेंचमध्ये माणूस बदलतो आणि काळही मागं सरकतो: 'इल आ दी किल व्हियँद्रे लँदी', भविष्याचा संकेतार्थ होतो. तक्रारीच्या पत्रात 'तुमच्या कर्मचाऱ्यानं सांगितलं की' असं वाक्य येतंच येतं, म्हणून हा सराव आधी करा.

गोदातीर (नांदेड):

उरलेल्या चुका मी घेतो.

'शेर मस्यो': अनोळखी माणसाला शेर लावायचं नाही. नुसतं 'मस्यो,' लिहा, बाई आहे की बाप्या माहीत नसेल तर 'मादाम, मस्यो,'. शेवटच्या वाक्यात तोच शब्द जसाच्या तसा परत यायला हवा.

'आक्त्युएलमां' म्हणजे सध्या. लिहिणाऱ्याच्या मनात इंग्रजीतलं 'खरं तर' आहे. असले फसवे जोडीदार आणखी बरेच: एव्हांत्युएलमां म्हणजे कदाचित, जमलं तर (अखेरीस नव्हे). आसिस्ते आ म्हणजे हजर राहणं. स्युपोर्ते म्हणजे सोसणं. दमांदे म्हणजे विचारणं किंवा मागणं, त्यात हुकूम नाही. सांसिब्ल म्हणजे हळवा. आपलं फ्रेंच इंग्रजीच्या पुलावरून येतं म्हणून हे होतं. मराठीतून थेट विचार केला तर यातल्या बऱ्याच चुका सुचणारच नाहीत.

'ल लँदी' म्हणजे दर सोमवारी. पहिल्या वाक्यात ते बरोबर आहे, कारण अजिंठा दर सोमवारी बंद असतो (वेरूळ मंगळवारी). दुसऱ्या वाक्यात ठराविक सोमवार आहे, तिथं नुसतं 'लँदी', किंवा तारीख जोडून 'ल लँदी १२ जांव्हिए'. वारांची आणि महिन्यांची नावं लहान अक्षरानं सुरू करायची. भाषेचं नाव लहान, माणूस असेल तर मोठं.

'बियँ क' (असूनही) आलं की स्युबजोंक्तिफ, म्हणजे इच्छा, शंका, विरोध अशा अर्थांनंतर येणारं क्रियापदाचं रूप: 'बियँ क व्हूझेये दमांदे'. पण खरं सांगायचं तर इथं 'बियँ क' नकोच. ग्राहकानं सोमवार मागितला 'असूनही' तुम्ही वेरूळ सुचवता यात विरोध कसला? बंद आहे म्हणून सुचवता. व्याकरण दुरुस्त केलं तरी तर्क लंगडाच राहतो.

'१,५०,०००' असा लाखाचा स्वल्पविराम फ्रेंच माणसाला कोड्यात पाडतो. तिकडं स्वल्पविराम म्हणजे दशांश चिन्ह. हजारांच्या जागी मोकळी जागा सोडतात: १५० ०००. पंधरा लाख म्हणजे '१,५ मिलिओं द रुपी', मिलिओंनंतर 'द' हवाच, आणि दोनपेक्षा कमी असल्यामुळं मिलिओंला एस नाही. कोटेशन पाठवणाऱ्या गाइड मंडळींनी हे भिंतीवर चिकटवा. व्याकरणाची चूक माफ होते, पैशाच्या आकड्याची होत नाही.

शेवटचं वाक्य. 'दां लातांत द व्होत्र रेपोंस' म्हणजे तुमच्या उत्तराची वाट बघत. वाट कोण बघतंय? मी. मग पुढचा कर्ताही 'मी'च हवा. 'व्हये आग्रेए' (आपण स्वीकारावं) म्हटलं तर वाट तेच बघतायत असा अर्थ होतो. फ्रेंच कचेऱ्यांच्या पत्रांतही ही चूक सापडते, पण आपण का करावी?

सगळं जमवून असं होईल:

"मस्यो, ज व्हू रमेर्सी द व्होत्र मेसाज. ले ग्रोत दाजंता सों फेर्मे ल लँदी. ज व्हू प्रोपोझ दोंक द व्हिझिते एलोरा स जूर-ला ए आजंता ल लांदमँ. ल प्रोग्राम क ज व्हूझे आंव्हाये रेस्त व्हालाब्ल ; सल लोर्द्र दे व्हिझित शांज. ल तारिफ सेलेव्ह आ १५० ००० रुपी. ल शोफर ए देजा प्रेव्हन्यू. दां लातांत द व्होत्र रेपोंस, ज व्हू प्री दाग्रेए, मस्यो, मे साल्युतासिओं दिस्तँगे."

ड्रायव्हरला चिठ्ठी लिहिली हे ग्राहकाला सांगून काय उपयोग? त्याला कळवलंय एवढं पुरे. अर्धविरामाच्या आधी जागा सोडलीय ती छापण्यातली चूक नाही. प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह, अर्धविराम आणि अपूर्णविराम यांच्या आधी फ्रान्समध्ये जागा सोडतात. पूर्णविराम आणि स्वल्पविरामाआधी सोडत नाहीत.

खामकाठ:

गोदातीर, ईमेलला एवढा लांब समारोप लावायचा का?

गोदातीर:

नाही. पहिल्या ईमेलला 'कोर्दियालमां' किंवा 'बियँ कोर्दियालमां' पुरतं. समोरच्यानं 'बोंजूर' लिहून सुरुवात केली असेल तर आपणही 'बोंजूर मस्यो' लिहावं. 'आग्रेए'वाला समारोप अर्ज, तक्रार, दूतावास आणि परीक्षा यांच्यासाठी. आणि 'मी आपला आभारी राहीन' म्हणायचं तर 'ज व्हू सोरे ग्रे द'. हे सव्हवारचं (जाणणे) रूप आहे, एत्रचं 'सरे' नाही. आवाज जवळचा असल्यामुळं भरपूर लोक 'सरे' लिहायलेत.

मांजरा:

आता परीक्षा. डेल्फ बी२मध्ये लेखनाला १ तास आणि २५ गुण. किमान २५० शब्द. एकूण १००पैकी ५०ला पास, पण चारही भागांत किमान ५ गुण हवेत. औपचारिक पत्र, चर्चेत मांडलेलं मत, असा एखादा विषय येतो आणि त्यात स्वतःची भूमिका मांडायची असते.

शब्द कसे मोजतात ते आधी समजून घ्या. दोन मोकळ्या जागांच्या मध्ये जे येतं तो एक शब्द. 'सेतादीर' एकच शब्द. 'ज न ले पा व्ह्यू दप्वी आव्हांतियेर' यात सात शब्द. इंग्रजीच्या सवयीनं 'ले'चे दोन धरले तर २५० झाले असं वाटतं आणि प्रत्यक्षात कमी भरतात. २७०-२८०पर्यंत जा. ३५० लिहिण्यात हशील नाही, तपासायला वेळ उरत नाही.

६० मिनिटांची वाटणी: १० मिनिटं आराखडा, ३५ मिनिटं लेखन, १५ मिनिटं तपासणी. कच्चं पूर्ण लिहून पक्कं उतरवायला वेळ नसतो, म्हणून आराखडा फक्त नामांत लिहा, वाक्यांत नाही. तपासणी एकदम करू नका. पहिल्या फेरीत फक्त क्रियापदांवर बोट ठेवून कर्ता शोधा. दुसऱ्यात नाम आणि विशेषण. तिसऱ्यात आक्सां, आणि 'आ' व 'ऊ' यांच्यावरचं चिन्ह. एका फेरीत सगळं शोधायला गेलं की डोळा अर्थाच्या मागं लागतो आणि अक्षरं सुटतात.

सिंदफणा:

लातूर पॅटर्न लावला तर? चार-पाच पत्रं तोंडपाठ करायची, विषय बदलून उतरवायची. :)

मांजरा:

लातूरकराला हे विचारायलात म्हणजे चेष्टा आहे का खरं विचारायलात? चौकट पाठ करा, मजकूर नको. सुरुवातीचं वाक्य, विषयाकडं वळणारं वाक्य, मागणी करणारं वाक्य, समारोप, एवढं पाठ असलं की साठ-सत्तर शब्द बिनचूक पडतात. पण मधला युक्तिवाद पाठ केलेला असेल तर तो प्रश्नाशी जुळत नाही. प्रश्नात दिलेली भूमिका, कोणाला लिहायचं आणि कशासाठी, हे पाळलं का, हाच पहिला निकष. 'तुम्ही रहिवासी संघाचे प्रतिनिधी आहात' असं दिलं असताना 'ज' 'ज' करत वैयक्तिक गाऱ्हाणं लिहिलं तर व्याकरण कितीही चांगलं असो, गुण गळतात.

दुधना:

पाठांतराच्या बाबतीत माझं थोडं वेगळं मत. जोडशब्दांची यादी पाठ करण्यानं जास्त नुकसान होतं. प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी एक जोडशब्द ठेवलेली पत्रं वाचवत नाहीत. २५० शब्दांत सहा-सात पुरेत, पण अर्थानं नेमके हवेत.

आनेफे म्हणजे आधीच्या वाक्याचं कारण किंवा पुरावा देणं. 'पण खरं तर' असा विरोध दाखवायला ते वापरलं की उलटा अर्थ होतो.
ऑर हा छोटा शब्द बी२वाल्यांना ठाऊकच नसतो. युक्तिवादात दुसरं विधान आणायला वापरतात: पालिकेनं आश्वासन दिलं होतं, ऑर, आजवर काम सुरू नाही, म्हणून आम्ही लिहीत आहोत.
सेर्त... मे: हे मान्य, पण. विरोधकाचा मुद्दा आधी कबूल करायचा आणि मग खोडायचा. परीक्षेला हा ढंग आवडतो.
पार्स क नवं कारण देतं, प्युइस्क दोघांना माहीत असलेलं कारण, कोम वाक्याच्या सुरुवातीचं कारण. 'कार' (कारण की) या शब्दानं वाक्य सुरू करायचं नाही.
मालग्रेनंतर नाम. 'मालग्रे क' टाळा.
लेखी 'पार कोंत्र'पेक्षा 'आं रव्हांश' बरं.

आणि वाक्य भारदस्त करायचा उपाय जोडशब्दांत नाही, नामकरणात आहे. 'किमती वाढतात आणि लोक नाराज आहेत' ऐवजी 'किमतींच्या वाढीमुळं रहिवाशांत नाराजी आहे': 'लोगमांतासिओं दे प्री प्रोव्होक ल मेकोंतांतमां दे झाबितां'. क्रियापदाचं नाम केलं की दोन वाक्यांचं एक होतं. लिंगाचाही प्रश्न सोपा होतो. शेवटी -सिओं आलं तर स्त्रीलिंगी, -मां आलेली ही भाववाचक नामं पुल्लिंगी, -इझ्म पुल्लिंगी. भाववाचक -ते स्त्रीलिंगी. -आज पुल्लिंगी, पण पाज, प्लाज, इमाज, काज, नाज, राज वेगळी ठेवा.

खामकाठ:

स्युबजोंक्तिफबद्दल कोणी नीट सांगेल का?

गोदातीर:

थोडक्यात, कारण पुस्तकांत भरपूर आहे. जिथं चुकतं तेवढंच. 'एस्पेरे क' आणि 'इल ए प्रोबाब्ल क' यांना साधं रूप, 'इल ए पोसिब्ल क'ला स्युबजोंक्तिफ. 'ज पांस क' साधं, 'ज न पांस पा क' स्युबजोंक्तिफ. 'आव्हां क'ला लागतं, 'आप्रे क'ला साधं (फ्रेंच लोकही इथं चुकतात, त्यांचं ऐकून शिकू नका). दोन्हीकडं कर्ता एकच असेल तर स्युबजोंक्तिफ सोडा आणि मूळ धातू वापरा: 'पूर क ज पुइस' नाही, 'पूर पुव्हवार'. आणि 'जर'वाल्या 'सी'नंतर संकेतार्थ कधीच नाही. 'सी जाव्हे ल तां, ज व्हियँद्रे.'

सिंदफणा:

गाइड लोकांसाठी लेण्यांचं माहितीपत्रक लिहायचं असेल तर काळ कोणता वापरावा? काही जण पासे सँप्ल (फक्त लेखी भाषेतला भूतकाळ) म्हणायलेत.

खामकाठ:

पासे सँप्ल वाचता यावा, लिहायची गरज नाही. माहितीपत्रकाला वर्तमान आणि कर्मणी पासे कोंपोझे (नेहमीचा भूतकाळ) पुरतात. 'ले ग्रोत ओंते ते क्रोझे', लेण्या खोदल्या गेल्या: इथं 'एते'ला काही लागत नाही, क्रोझेला ई-एस लागतं. 'एक्सकाव्हे' नको, तो इंग्रजीचा वास. क्रोझे म्हणजे कोरून पोकळ करणं, तायये म्हणजे घडवणं. कैलासासाठी 'तायये दां ल रोक' योग्य. कालासाठी 'दाते द' किंवा 'रमोंते आ'. अजिंठ्याच्या जुन्या लेण्या इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातल्या, वेरूळचं १६ क्रमांकाचं कैलास लेणं आठव्या शतकातलं. शतक रोमन अंकात लिहायचं, त्याला वर छोटा ई जोडायचा. दोन्ही ठिकाणं १९८३पासून युनेस्कोच्या यादीत आहेत, 'आँस्क्रीत ओ पात्रिमवान मोंदियाल', इथंही ई-एस.

अजिंठ्याच्या चित्रांना सरसकट 'फ्रेस्क' म्हणतात. ती कोरड्या गिलाव्यावरची आहेत, तेव्हा 'पँत्युर म्युराल' जास्त नेमकं. जाणता फ्रेंच पर्यटक हे टिपतो.

जागा बघतो तर 'व्हिझिते', माणसाला भेटतो तर 'रांद्र व्हिझित आ'. 'व्हिझिते मे कुझँ' लिहिलंत तर चुलतभावांची तपासणी केल्यासारखं वाटतं.

दुधना:

घरच्या सरावाला एकच पद्धत सांगायची तर उलट अनुवाद. बातमीतला किंवा अग्रलेखातला १००-१२० शब्दांचा फ्रेंच उतारा घ्या. नीट मराठीत आणा, शब्दाला शब्द नको. मूळ बाजूला ठेवा. तीन-चार दिवसांनी मराठीवरून परत फ्रेंच करा आणि मूळाशी ताडा. तुमचं वाक्य चूक नसेल, तरी मूळ लेखकानं दुसरं का लिहिलं ते बघा. कुठं तुम्ही क्रियापद वापरलं आणि त्यानं नाम, कुठं तुम्ही दोन वाक्यं केली आणि त्यानं एक. तपासणारा माणूस लागत नाही, मूळ उताराच गुरुजी. हिंगोलीत बसूनही जमतं.

सिंदफणा:

आणि संगणकाचे तपासनीस? चॅटबॉटला दिलं तर दोन सेकंदांत दुरुस्त करून देतो.

गोदातीर:

दुरुस्त करून देतो, तेच बाधतं. 'चूक कुठं आहे तिथं फक्त खूण कर, प्रकार सांग, बरोबर रूप देऊ नको' असं सांगा, मग स्वतः दुरुस्त करा. नियम कोशात पडताळा, कारण तो ठामपणे चुकीचा नियमही सांगतो. ग्रामालेक्त हा फ्रेंच व्याकरणाचा तपासनीस फुकट आहे, लिब्रऑफिसमध्ये बसतं, जुळणी आणि मोकळ्या जागा छान पकडतं. अर्थाची चूक कुठलंच साधन धड पकडत नाही. आक्त्युएलमांवालं वाक्य त्यांच्या दृष्टीनं बिनचूक आहे.

दुधना:

मी चॅटबॉटला इतकं वाईट म्हणणार नाही, पण पहिला मसुदा त्याच्याकडून घेऊ नये. त्याचं फ्रेंच गुळगुळीत असतं, आपल्या चुका कळायची वाटच बंद होते.

मांजरा:

कॅनडावाल्यांसाठी. टीसीएफ कॅनडात लेखनाला ६० मिनिटं आणि तीन कामं: पहिलं ६० ते १२० शब्दांचा निरोप, दुसरं १२० ते १५० शब्दांत अनुभव किंवा वृत्तांत, तिसरं १२० ते १८० शब्दांत दोन मतांची तुलना आणि आपलं मत. गुण २०पैकी. एनसीएलसी (फ्रेंच पातळी मोजायची कॅनडाची पट्टी) ७साठी १०-११, ९साठी १४-१५. तिसऱ्या कामात आधी दोन्ही मतं आपल्या शब्दांत मांडायची असतात. दिलेल्या उताऱ्यातली वाक्यं उचलू नका.

टेफ कॅनडात दोन भाग: एक, सुरुवात दिलेली बातमी पुढं नेणं, किमान ८० शब्द. दोन, वर्तमानपत्राला पत्र लिहून मत पटवणं, किमान २०० शब्द. बातमीत 'ज' येता कामा नये. घडलेल्याला पासे कोंपोझे, पार्श्वभूमीला आँपार्फे (चालू असलेल्या गोष्टीचा भूतकाळ), आणि खात्री नसलेल्या गोष्टीला संकेतार्थ: 'ल व्होलर सरे आं फ्वित', चोर पळाल्याचं समजतं. आपल्याकडच्या बातम्यांतल्या 'समजते'चं काम तिथं क्रियापदाचं रूप करतं.

सिंदफणा:

शेवटचं विचारतो. आक्सां टाइप कसे करायचे? आणि परीक्षेत संगणक दिला तर?

खामकाठ:

विंडोजमध्ये 'युनायटेड स्टेट्स इंटरनॅशनल' कळफलक जोडा. अवतरणचिन्हाची कळ दाबून ई दाबला की आक्सां एग्यू, टोपीची कळ दाबून ई दाबला की टोपीवाला ई. नंबरपॅड असेल तर आल्ट धरून १३० म्हणजे आक्सां एग्यूवाला ई, १३५ म्हणजे शेपटीवाला सी, ०१५६ म्हणजे ओ-ई जोडाक्षर, ०१७१ आणि ०१८७ म्हणजे फ्रेंच अवतरणचिन्हं.

परीक्षा संगणकावर असेल तर कळफलक कोणता मिळेल ते केंद्राला आधीच विचारा. फ्रेंच आझेर्ती असेल तर ए आणि क्यू, झेड आणि डब्ल्यू यांच्या जागा अदलाबदल झालेल्या असतात, एम हा एलच्या उजवीकडं जातो, आकड्यांना आणि पूर्णविरामालाही शिफ्ट लागतं. आठवडाभर त्यावरच टाइप करा, नाहीतर ६० मिनिटांतली दहा कळा शोधण्यात जातील. कागदावर परीक्षा असेल तर आक्सां एग्यू आणि ग्राव्ह यांचा कल स्पष्ट वेगळा काढा. आडवी रेघ मारून दोन्हीला चालवून घेणाऱ्यांची ती चूकच धरली जाते. १९९०च्या शुद्धलेखन सुधारणेनुसार काही शब्दांवरची टोपी गेली आहे. जुनं आणि नवं दोन्ही चालतं, एकाच पत्रात भेसळ करू नका.